पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच!

वाचनपाठ ९ | पातळी ४ : सलग परिच्छेद वाचता येणाऱ्या मुलांसाठी

वाचण्याआधी बोला

१. घरातली एखादी वस्तू बंद पडली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?
२. आपल्या हातून काही बिघडलंय असं वाटलं, तर घरी लगेच सांगता का? की थोडं थांबता?
३. कॉम्प्युटरच्या आत काय काय असतं? माहीत असलेली नावं मराठीत किंवा देवनागरीत लिहा.

पाठ

मुलांनो, जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी माझा फोन वाजला. मिनेसोटाहून माझ्या मावसबहिणीचा मुलगा बोलत होता. वय वर्षं चौदा. तो मला मामा म्हणतो. एरवी फोनवर त्याचा आवाज घरभर ऐकू येतो, पण त्या दिवशी तो कुजबुजत होता.

"मामा, मी कॉम्प्युटर बनवला. पण तो सुरूच होत नाही. मी बहुतेक तो जाळलाय."

या कॉम्प्युटरसाठी त्याने दोन हिवाळे शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसला होता. वाढदिवसाचे पैसे आणि आजोबांनी दिलेले खाऊचे पैसेसुद्धा साठवले होते. त्याचे बाबा म्हणत होते, "तयार घे, डोक्याला ताप नको." पण हा हट्टाला पेटला होता, "मी स्वतः जोडणार!" आणि आता तीन दिवस तो खोलीचं दार लावून बसला होता. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुटे भाग परत करायची मुदत आठवड्यात संपणार होती.

मी म्हटलं, "जळला की नाही ते नंतर बघू. आधी मला सांग, सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं?"

"काहीच होत नाही."

"काहीच नाही? पंखा फिरतो का? दिवा लागतो का? आवाज येतो का?"

तो थांबला. "पंखे फिरतात. दिवे पण लागतात. पण स्क्रीन काळीच."

बघा, "काहीच होत नाही" आणि "पंखे फिरतात, पण चित्र येत नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हटलं तर डॉक्टर काय करणार? पोट दुखतंय की डोकं, ते सांगावं लागतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

"सुरू होत नाही" याचे तीन प्रकार

पहिला प्रकार : बटण दाबलं तरी पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. इथे बहुतेक वेळा वीजच आत पोचत नाही.

दुसरा प्रकार : पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काही येत नाही. वीज पोचते, पण कॉम्प्युटर स्वतःची तपासणी पूर्ण करू शकत नाही, किंवा चित्र चुकीच्या वाटेने जातंय.

तिसरा प्रकार : स्क्रीनवर काहीतरी दिसतं, पण विंडोज येत नाही. इथे यंत्र ठीक असतं, आतली प्रणाली टाकायची राहिलेली असते.

आपला प्रकार कुठला ते ठरवल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. हा आपला पहिला नियम.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

बटण दाबलं की पॉवर सप्लाय जागा होतो. भारतात बरेच जण याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून अमेरिकेत १२० व्होल्ट आणि भारतात २३० व्होल्ट वीज येते. पॉवर सप्लाय तिचं १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम वाचू लागतो. हा प्रोग्रॅम आधी हजेरी घेतो : प्रोसेसर आहे का? हजर. रॅम आहे का? हजर. चित्र दाखवणारं कार्ड आहे का? हजर. शाळेत बाई हजेरी घेतात तशीच. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली बाजारात आला, तोही सुरू होताना अशी तपासणी करायचा.

हजेरीत कुणी "हजर" म्हटलं नाही, तर गाडी तिथेच थांबते. पंखे मात्र फिरत राहतात, कारण पंख्यांना या हजेरीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून पंखा फिरला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

आधी सोपं, मग अवघड

मी भाच्याला म्हटलं, "वही घे. जे जे करशील ते लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची." तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कधीच कळणार नाही. सुरू झाला नाही, तर नवीन चूक झाली का तेही कळणार नाही.

मग आतल्या कामाची तयारी केली. भिंतीतला प्लग काढला. कॉम्प्युटरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पायात लोकरीचे मोजे होते, ते काढून तो गालिच्यावरून फरशीवर आला. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते. गालिच्यावर चालून दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो ना? तीच स्थिर वीज नाजूक चिपचं नुकसान करू शकते. म्हणून भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा.

पहिली तपासणी, स्क्रीनची केबल. "केबल कॉम्प्युटरला कुठे लावलीस?"

"मागे, वरच्या बाजूला. यूएसबीच्या शेजारी."

सापडली की चूक! यूएसबीशेजारची ती जागा मदरबोर्डची. त्याच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, आणि त्याच्या जागा खाली, आडव्या असतात. केबल तिथे लावायला हवी होती. त्याने ती बदलली, बटण दाबलं. आम्ही दोघांनी श्वास रोखला.

स्क्रीन काळीच.

"बघ, मी म्हटलं ना जळलाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, एक चूक सापडली म्हणजे दुसरी नसतेच असं थोडंच आहे? वहीत लिही. पुढे चल."

दुसरी तपासणी, प्रोसेसरची वीज. मदरबोर्डला दोन ठिकाणाहून वीज लागते. एक २४ पिनांचा मोठा, रुंद जोड. दुसरा आठ पिनांचा छोटा जोड, बहुधा वर डाव्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड लपलेला. हा दुसरा विसरला तर पंखे फिरतात, पण प्रोसेसर झोपलेलाच. नवीन माणूस हा जोड हमखास विसरतो. भाच्याने टॉर्च मारून पाहिलं. लावलेला होता, आणि नीट लावलेला होता. शाब्बास! वहीत बरोबरची खूण.

तिसरी तपासणी, मदरबोर्डवरचे छोटे दिवे. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात. त्यांच्याजवळ प्रोसेसर, रॅम, चित्र आणि बूट यांची इंग्रजी नावं छापलेली असतात. हजेरी जिथे अडते, तो दिवा लागून राहतो. त्याच्या मदरबोर्डवर रॅमचा दिवा लागून राहिला होता. तीन दिवस तो दिवा सांगत होता, "अरे, इकडे बघ!" पण कॅबिनेटमधल्या रंगीबेरंगी दिव्यांत तो कुणाला दिसणार?

रॅम आणि "टक्"

त्याने रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन खाचांत बसवल्या होत्या. शेजारी-शेजारी, छान दिसतात म्हणून. पण चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. पक्कं उत्तर मॅन्युअलमध्ये असतं, चित्रासकट. शिवाय एक पट्टी पूर्ण खाली गेलीच नव्हती.

"जोरात दाबायची भीती वाटली," तो म्हणाला.

ही भीती साहजिक आहे. एवढी महागाची वस्तू, तिच्यावर जोर कसा लावायचा? पण रॅमची पट्टी दोन्ही टोकांना अंगठ्यांनी, सरळ, एकसारखी दाबायची असते. नीट बसली की खिट्टी आपोआप वर येते आणि "टक्" असा आवाज होतो. "टक्" ऐकू आलं नाही, तर बसली नाही असं समजा. मात्र पट्टीवरची खाच आणि जागेवरचा उंचवटा जुळत नसेल, तर जोर लावू नका. पट्टी उलटी धरली असेल, ती फिरवा.

प्लग काढून त्याने दोन्ही पट्ट्या काढल्या. फक्त एकच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. टक्! फोनवर मलाही ऐकू आलं. संशय असेल तेव्हा कमीत कमी भागांवर सुरू करून बघायचं, म्हणजे चोर लवकर सापडतो.

बटण दाबलं. पंखे फिरले. रॅमचा दिवा लागला, आणि लागूनच राहिला. वीस सेकंद झाली. त्याचा हात बटणाकडे गेला.

"थांब! हात मागे घे. याआधी किती वेळ थांबला होतास?"

"अर्धा मिनिट असेल. मग बंद करायचो, रॅम काढायचो, परत लावायचो."

इथे खरी गंमत आहे. त्याची रॅम डीडीआर ५ प्रकारची होती. अशी नवी रॅम पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड आधी तिची ओळख करून घेतो. कुठल्या वेगाने बोललं तर तिला नीट ऐकू येतं, हे पुन्हा पुन्हा तपासतो. याला काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. मध्येच बंद केलं की सगळं पहिल्यापासून. एकदा ओळख झाली की ती लक्षात ठेवली जाते, म्हणून पुढच्या वेळी कॉम्प्युटर लवकर सुरू होतो.

"दहा मिनिटं हात लावायचा नाही. तोवर तुला माझी गोष्ट सांगतो."

माझी गोष्ट

मी कराडजवळच्या एका गावात मराठी शाळेत शिकलो. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला कॉम्प्युटरसाठी पैसे पाठवले. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले आणि खोलीवर रात्रभर बसून जोडले. सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. अगदी तुझ्यासारखं.

मॅन्युअल इंग्रजीत होतं. मला ते नीट कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. वर्गातली बाकीची मुलं फाडफाड इंग्रजी बोलायची. मी चार दिवस तसाच बसलो. वडिलांचा फोन आला, "सुरू झाला का रे?" मी म्हटलं, "हो, मस्त चालतोय." फोन ठेवला आणि जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेला. काउंटरवरच्या काकांनी झाकण काढलं, एक नजर टाकली आणि विचारलं, "ही चार पिनांची वायर मोकळी का ठेवलीस?" मला वाटलं होतं, ती जास्तीची आहे. त्यांनी ती लावली. कॉम्प्युटर सुरू झाला. मी पैसे विचारले, तर म्हणाले, "वायर लावायचे कसले पैसे?" वर चहा पाजला. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी ये."

चार दिवस मी ज्या गोष्टीला घाबरत होतो, ती विचारायला एक मिनिट पुरलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आणि मग…

"मामा!" तो एवढ्याने ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. "मामा, आलं! काहीतरी आलं! … पण मामा, लिहिलंय की बूट करायला डिव्हाइसच नाही. म्हणजे परत बिघडलं?"

मला हसू आलं. हा तर तिसरा प्रकार! हजेरी पूर्ण झाली होती. त्याची डिस्क नवी कोरी होती, तिच्यात विंडोज टाकायचं होतं. त्यासाठी किमान ८ जीबीचा यूएसबी ड्राइव्ह तयार करायचा. हा बिघाड नव्हे, पुढची पायरी.

ओरडणं ऐकून ताई खोलीत आली. त्याने सगळं सांगून टाकलं. ताई म्हणाली, "तीन दिवस जेवणात लक्ष नव्हतं, ते यामुळे होय? अरे, सांगायचंस ना!" मग फोन हातात घेऊन मला म्हणाली, "आणि तू रे, त्या चार दिवसांचं मावशीला कधी सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्याच संध्याकाळी गावी फोन केला. बाबा म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझा आवाज पडला होता."

कुठे थांबायचं?

काही गोष्टी धाडसाच्या नसतात, तिथे थांबायचंच असतं.

• पॉवर सप्लायचं डबडं कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहू शकते.
• जळका वास आला किंवा धूर दिसला, तर लगेच वीज बंद करा आणि मोठ्यांना बोलवा. पुन्हा सुरू करून बघू नका.
• एका पॉवर सप्लायच्या सुट्या केबली दुसऱ्याला लावू नका. जोड सारखा दिसला तरी आतला क्रम वेगळा असू शकतो, आणि मग भाग खरंच जळतात.
• प्रोसेसरखालच्या बारीक पिनांना बोट लावू नका.
• सगळं तपासूनही सुरू झाला नाही, तर एखादा भाग मुळातच सदोष असू शकतो. तुमची वही दाखवा आणि मुदतीच्या आत तो बदलून घ्या.

आठवणीची यादी

पहिला प्रकार असेल तर : भिंतीतली वीज आहे का? (तिथे दिवा लावून पाहा.) एक्स्टेंशन बोर्ड चालू आहे का? पॉवर सप्लायच्या मागचं बटण रेघेकडे दाबलंय का? (रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद.) २४ पिनांचा जोड पूर्ण बसलाय का? कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डच्या योग्य पिनांवर आहे का?

दुसरा प्रकार असेल तर : स्क्रीनची केबल योग्य जागी आहे का? प्रोसेसरचा आठ पिनांचा जोड लावलाय का? ग्राफिक्स कार्डला वेगळी वीज लागते का, आणि ती दिली आहे का? छोटा दिवा कुठला लागलाय? रॅमची पट्टी "टक्" झाली का? पुरेसा वेळ थांबलात का?

शब्दार्थ

उपसणे : भरलेली वस्तू काढून बाहेर टाकणे
हट्टाला पेटणे : काही झालं तरी आपलंच म्हणणं धरून ठेवणे
जमीन-अस्मानाचा फरक : खूप मोठा फरक
मुदत : ठरवून दिलेला काळ
हमखास : नक्की, बहुतेक प्रत्येक वेळी
खिट्टी : वस्तू जागेवर अडकवून धरणारा छोटा भाग
पतसंस्था : सभासदांचे पैसे ठेवणारी आणि त्यांना कर्ज देणारी संस्था
काखेत कळसा, गावाला वळसा : वस्तू जवळच असताना ती सगळीकडे शोधत फिरणे
सदोष : ज्यात दोष आहे असा
आवाज पडणे : दुःखामुळे किंवा काळजीमुळे आवाज बारीक होणे

प्रश्नांची उत्तरं लिहा

१. भाचा फोनवर कुजबुजत का बोलत होता?
२. पंखे फिरत असले तरी कॉम्प्युटर ठीक आहे असं का म्हणता येत नाही?
३. भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये कोणकोणत्या चुका सापडल्या? क्रमाने लिहा.
४. त्यांतली कुठली चूक हाताची नव्हती, तर घाईची होती?
५. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची? तुमच्या शब्दांत सांगा.
६. "मला तेव्हाच कळलं होतं," असं बाबा म्हणाले. मग त्यांनी तेव्हा तसं का सांगितलं नसेल? तुम्हाला काय वाटतं? (याला एकच उत्तर नाही.)

भाषेची ओळख : "-ल्याशिवाय"

पाठातलं वाक्य पाहा : "प्रकार ठरवल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही." म्हणजे आधी प्रकार ठरवायचा, मगच स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा.

आता रिकाम्या जागा भरा.
१. प्लग ________ (काढणे) आत हात घालायचा नाही.
२. मॅन्युअल ________ (वाचणे) रॅम बसवू नका.
३. "टक्" आवाज ________ (येणे) पट्टी बसली असं समजू नका.
४. आईला ________ (सांगणे) मला चैन पडेना.

करून पाहा

घरातली बंद पडलेली एखादी साधी वस्तू निवडा : टॉर्च, रिमोट किंवा घड्याळ. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. वहीत तीन रकाने करा : "काय दिसलं", "काय बदललं", "काय झालं". एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी एक मराठी वाक्य लिहा. वस्तू सुरू झाली नाही तरी चालेल, वही मात्र पुढच्या रविवारी वर्गात आणा. आणि कुठे अडलात, तर तीन दिवस थांबू नका. पहिल्याच दिवशी विचारा.